टाळ आहेत, टाळकरी हवेत

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर चिखली-मेहकरकडे जा, नाहीतर घाटाखाली नांदुरा-मलकापूरकडे. गावच्या देवळात टाळांच्या जोड्या, एखादा मृदंग आणि खुंटीला टांगलेली वीणा हमखास सापडते. शेगावचे श्री गजानन महाराज संस्थान वर्षानुवर्षे गावोगावच्या भजनी मंडळांना टाळ, मृदंग, वीणा आणि ग्रंथ देत आले आहे. साहित्याची अडचण फारशी नाही. अडचण आहे ती वाजवणाऱ्यांची.

सप्ताह जवळ आला की ती उघडी पडते. सातही दिवस वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून पहाऱ्याची यादी लागते. दुपारचे आणि संध्याकाळचे पहारे भरतात. रात्री दोन ते चारच्या रकान्यात मात्र तीच ती साठी ओलांडलेली नावे पुन्हा पुन्हा लिहिली जातात. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा चालतो. कित्येक गावांत आता तो मोबाइलला भोंगा जोडून लावला जातो. गाव जागे होते, पण देवळात दोन-चार जणच असतात. हरिपाठाला बाहेरून मंडळ बोलवायचे, त्यांना बिदागी द्यायची आणि आपण खुर्चीवर बसून ऐकायचे, ही सवय आपल्याला लागत चालली आहे. ती मोडलीच पाहिजे.

टाळ वाजवायला काय लागते, असे अनेकांना वाटते. एकदा हातात घेऊन पाहा. काशाच्या दोन वाट्या, मधल्या भोकातून ओवलेली दोरी, ती बोटांभोवती गुंडाळायची. वाट्या तोंडाला तोंड लावून सपाट आपटल्या तर आत हवा कोंडते आणि आवाज बसतो. कड किंचित सरकवून टाळ लावला की नाद खुलतो, लांबवर जातो. तो कुठे मोकळा सोडायचा आणि कुठे दाबायचा, हे मृदंगाच्या ठेक्यावर ठरते. अभंग संथ सुरू होतो, मग लय चढते. हातात टाळ, तोंडी अभंग आणि पायात पावली, तिन्ही एका ठोक्यावर यायला हवे. एक जण घसरला तर शेजारचा त्याला सावरून घेतो. ही विद्या पुस्तकातून येत नाही. जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच ती येते, आणि तो जाणता गेला की त्याच्याबरोबर जाते.

जगात इतरत्र हा अनुभव आलेला आहे. इंग्लंडमध्ये चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा वाजवणे हा गावोगावचा जुना छंद आहे. एका घंटेचा दोर एका माणसाच्या हाती, आणि घंटांचा क्रम प्रत्येक फेरीला नियमाने बदलत जातो. आठ घंटांचे ४०,३२० क्रम होतात. १९६३ साली लफबरो इथे आठ जणांनी ते सगळे सलग वाजवले, त्याला जवळजवळ अठरा तास लागले. मनोऱ्याबाहेर हीच मंडळी हातात धरायच्या लहान घंटांवर सराव करतात. या घंटाही आपल्या टाळांप्रमाणे तांबे आणि कथील मिळून केलेल्या काशाच्या. मनोऱ्यातल्या अशा आठ-आठ घंटा इंग्रजांनी पुण्याच्या पंचहौद चर्चमध्ये आणि मुंबईच्या अफगाण चर्चमध्येही बसवल्या. घंटा टिकल्या, पण त्या पद्धतीने वाजवणारी मंडळे इथे रुजली नाहीत. धातू शतकभर टिकतो. कला टिकवायला माणसे तयार करावी लागतात. खुद्द इंग्लंडमध्ये माणसे कमी पडू लागली, तेव्हा २०२३ साली राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने घंटावादकांच्या संघटनेने नवख्यांना जाहीर हाक दिली आणि गावोगावी शिकवणे सुरू केले.

आपल्यालाही तशीच हाक द्यायची आहे, आणि आपली जमीन त्याहून सुपीक आहे. शेगावची पालखी १९६८ पासून पायी पंढरपूरला जाते. तिच्यातल्या टाळकऱ्यांची शिस्त पाहायला वाटेवरची गावे लोटतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर विदर्भातले खेडे न् खेडे जागे केले. गावाने एकत्र बसून वाजवणे-गाणे हे इथल्या मातीला नवे नाही.

म्हणून विनंती आहे. ज्येष्ठ टाळकऱ्यांनो, नवशिक्याचा ठोका चुकला तर रागावू नका, त्याला आपल्या शेजारी उभे करा. मंडळांनो, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी फक्त शिकवण्यासाठी राखून ठेवा, आणि मुलींना मुलांच्या बरोबरीने टाळ द्या. शिक्षकांनो, शाळेच्या दिंडीत टाळ नुसता मिरवू नका, महिनाभर आधी तो शिकवा. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्यांनो, सप्ताहाला वर्गणी पाठवता तशी रजाही टाका आणि रात्रीचा एक पहारा स्वतःच्या नावावर घ्या. गावकऱ्यांनो, यंदा काकड्याचा भोंगा बंद ठेवा. पहाटे चारच माणसे आली तरी काकडा त्यांच्याच गळ्यातून होऊ द्या.

तेरा तालुक्यांतल्या प्रत्येक गावाने या कोजागिरीपासून पाच नवे टाळकरी घडवायचे, एवढेच मनावर घेऊ या. पाच ही संख्या कोणत्याही गावाच्या आवाक्यातली आहे. आजच आपल्या मंडळाच्या विणेकऱ्याला भेटा, आपले आणि घरातल्या एका मुलाचे किंवा मुलीचे नाव द्या, आणि पहिल्या सरावाला दोघेही हजर राहा.