बोगस डॉक्टर आणि रिकामी पदे

वैद्यकाचे शिक्षण न घेता डॉक्टर म्हणून मिरवणाऱ्यास कठोर शासन व्हावे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. १९५६ च्या भारतीय वैद्यकीय परिषद कायद्यात या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद होती. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने कैद तेवढीच ठेवून दंड पाच लाखांपर्यंत नेला. महाराष्ट्राचा १९६१ चा कायदा तर याहून कडक आहे. तरीही धंदा तेजीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली प्रसिद्ध केलेला अहवाल याचा उलगडा करतो. २००१ च्या जनगणनेत स्वतःस अ‍ॅलोपॅथिक डॉक्टर म्हणवणाऱ्यांपैकी ५७ टक्के लोकांजवळ वैद्यकीय पात्रता नव्हती. ग्रामीण भागात तर पात्र असलेले १९ टक्केही भरत नव्हते. कायदा अक्षरशः राबवला असता तर खेड्यांतले पाचांपैकी चार ‘डॉक्टर’ गजाआड गेले असते आणि त्यांच्या रोग्यांना जायला जागा उरली नसती. सरकारी दवाखान्यात जायचे म्हणजे शेतमजुराचा दिवसाचा रोज बुडतो, आणि तेथे डॉक्टर भेटेलच अशी खात्री नसते. बोगस डॉक्टर संध्याकाळी दारात येतो, सुई टोचतो, पैसे सुगीपर्यंत उधार ठेवतो. मजूर अडाणी म्हणून त्याच्याकडे जातो, हे शहरी मध्यमवर्गाचे सोयीचे निदान आहे.

पण सगळेच तोतये गरजेच्या आधाराने जगत नाहीत. मध्य प्रदेशातील दमोह येथे परदेशी हृदयरोगतज्ज्ञाचे नाव धारण करून रुग्णांवर हृदयोपचार केल्याच्या आरोपावरून २०२५ साली एकास अटक झाली. असा माणूस रस्त्यावरून थेट शस्त्रक्रियागृहात शिरत नाही. कोणीतरी त्याची नेमणूक करते. नोंदणी क्रमांक पडताळण्याचे कष्टही न घेणारा रुग्णालयचालक त्याच्याबरोबर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला पाहिजे.

शासनाचे वर्तनही स्वच्छ नाही. एका पद्धतीचे शिक्षण घेऊन दुसऱ्या पद्धतीची औषधे देणारा भोंदूच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मुंबईच्या एका प्रकरणात बजावले. २०१४ साली महाराष्ट्राने एका वर्षाच्या अभ्यासक्रमावर होमिओपॅथांना अ‍ॅलोपॅथीचे दार उघडून दिले. डॉक्टर नेमण्यापेक्षा डॉक्टरची व्याख्या सैल करणे तिजोरीला परवडते!

तेव्हा कार्यकर्त्यांनी तालुक्यातील बोगस डॉक्टरांची यादी पोलिसांना जरूर द्यावी. त्याच अर्जासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रिक्त पदांची यादी जिल्हा परिषदेस द्यावी, आणि ती पदे कोणत्या तारखेपर्यंत भरणार याचे लेखी उत्तर मागावे.