शब्दांना नको, ग्लासला नाही म्हणा!

मैत्रिणींनो, किहीमच्या किनाऱ्यावर हल्ली आपल्याही मुलामुलींची लग्नं लागतात. जोडीदार दुसऱ्या धर्माचा असला की मंत्रांऐवजी वडीलधारी माणसं दोन शब्द बोलतात. लगेच कुजबुज सुरू: ‘मंत्राविना कसला आशीर्वाद?’

अहो, जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ सालीच पुरोहिताविना लग्न लावलं. आणि साध्या शब्दांत कुणाचं भलं चिंतणं आपल्या मैत्रीभावनेत बसतंच की! बसत नाही तो शुभेच्छांच्या नावाने उंचावलेला वाइनचा ग्लास. त्याबद्दल मात्र सगळ्या गप्प!

उचलायचंच तर शहाळं उचला, तेही सूर्यास्तापूर्वी. आणि बोलायला भाड्याचा सूत्रसंचालक कशाला? आजीच्या हाती माइक द्या. तिचे दोन शब्द पुरेसे आहेत.