ताजी बिअर महानगरापुरतीच

पिंपातच आंबणारी, वरून वायू न भरलेली ‘रिअल एल’ वाचविण्यासाठी ब्रिटनमधील ग्राहकांनी 1971 मध्ये चळवळ उभारली; तेथील अनेक बिअर महोत्सव तिचेच फलित. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘डूलाली’ने 2009 मध्ये ताज्या बिअरची वाट दाखविली, पण ती प्रामुख्याने मोठ्या शहरांतच रेंगाळली. असे पेय फार टिकत नाही. जवळच तयार व्हावे लागते. धरणगावच्या शिवारात ज्वारी, मका पिकतो. मित्रमंडळींच्या वाट्याला मात्र कारखान्याची बाटलीच. त्यातही 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्यालाही परवाना लागतो. महसूल घेणारे आणि पिणाऱ्याकडे संशयाने पाहणारे शासन एकच! सावकाश, चवीने, चारचौघांत पिण्याची रीत अशा वातावरणात रुजणे कठीण. ढाब्यामागील घाईची बैठक मात्र सहज रुजते.