पांडवांचीं पावलें

रस्त्याच्या कडेला पाटी लावून दाखविल्या जाणाऱ्या प्रेक्षणीय स्थळांचा मला पूर्वींपासून तिटकारा. १९८६ च्या मे महिन्यांत वाईहून पसरणीचा घाट चढून आम्ही पाचगणीस गेलों, तेंही मुलांच्या हट्टामुळें. मुलांची आई त्यांनाच मिळालेली.

टेबललँडवर घोडे, भाजलेलीं कणसें, रंगीबेरंगी टोप्या, सारी जत्राच! एका पोरानें जांभ्या दगडांतील खळगे दाखविले. "हीं पांडवांचीं पावलें. एक रुपया!"

मी पडलों संस्कृतचा मास्तर. वनपर्वांत पाचगणीचें नांव मला कोठें आढळलेलें नाहीं. जांभा मुळांतच सच्छिद्र, पावसानें झिजून त्यास असे खळगे आपोआप पडतात, वगैरे सर्व मीं त्यास तेथेंच शिकविलें. (सुटींतही शिकवणी सुटत नाहीं, हा आमच्या धंद्याचा रोग.) मुलांच्या आईनें मात्र वहाणा काढून खळग्यांत पाय ठेविले. "अहो, पाहा तरी! माझीं दोन्ही पावलें मावलीं. एक फोटो काढा ना."

रिळांत तीनच फोटो उरले होते. ते मीं मेणवलीच्या घंटेसाठीं राखले होते. १७३९ सालच्या वसईच्या विजयांतील ती पोर्तुगीज घंटा. तिचे तीनही फोटो उत्तम आले. अद्याप घरीं आहेत.

गेल्या वैशाखांत नातवास घेऊन पुन्हां टेबललँडवर गेलों. त्याची आजी आतां नाहीं. ते खळगे कांहीं केल्या सांपडेनात. एका घोडेवाल्यास विचारलें, तर त्यानें भलतेच दाखविले आणि पन्नास रुपये मागितले. मीं मुकाट्यानें दिले. नातवास म्हटलें, "चपला काढ, आणि ठेव पाय."