उन्हाळ्यातलं विरजण

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की तिथल्या महाल भागातल्या स्वयंपाकघरांत दह्याचं वेळापत्रकच बदलतं. विरजणातले जिवाणू ४० ते ४५ अंशांत झपाट्याने वाढतात आणि दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. त्यामुळे थंडीत रात्रभर रेंगाळणारं दही आता चार-पाच तासांत लागतं. जरा दुर्लक्ष झालं की आंबटढाण. म्हणून विरजण थोडंच घालावं आणि दही लागताच फ्रिजमध्ये ठेवावं. सायीचं दही भल्या पहाटे घुसळावं. रवीभोवती लोण्याचे बारीक कण दिसू लागले की बर्फाचं पाणी ओतावं, गोळा पटकन जमतो. खाली उरलेल्या ताकात जिरेपूड, सैंधव, ठेचलेलं आलं, कोथिंबीर घालून केलेला मठ्ठा पाकिटातल्या ताकापेक्षा कितीतरी सरस लागतो. दोन चमचे दही मात्र पुढच्या विरजणासाठी आधीच काढून ठेवावं.