घरखाते म्हणजे घर नव्हे

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत विडी वळण्याचा धंदा बहुधा ‘कुटिरोद्योग’ ह्या मथळ्याखाली येतो. मीही अनेक वर्षे तो तसाच शिकविला. माती कुंभाराची, चाक कुंभाराचे, मडकेही कुंभाराचे. विडीचेही तसेच असावे, असा समज माझ्या विद्यार्थ्यांनी करून घेतला असल्यास दोष माझा आहे. निवृत्तीनंतर सोलापुरात एका विडी कामगार बाईंच्या ओट्यावर काही दुपारी बसून काढल्या, तेव्हा हे वर्गीकरण किती फोल आहे ते ध्यानात आले. बाईंच्या स्वतःच्या मालकीच्या वस्तू तीनच होत्या : कात्री, सूप आणि पान कापायचा पत्रा.

काम असे चालते. कारखान्याच्या शाखेतून टेंभुर्णीची पाने, तंबाखू व सूत मिळते. पाने भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावी लागतात, कारण वाळले पान वळताना चिरते. सकाळी पत्रा पानावर ठेवून त्याच्या मापाने चौकोनी तुकडे कापायचे, जाड शिरा काढून टाकायच्या. मग सूप मांडीवर घ्यायचे. चिमूटभर तंबाखू पानाच्या लांबीवर सारखी पसरायची आणि एका कोपऱ्यापासून अंगठ्याने व बोटांनी पान गुंडाळत न्यायचे. पेटवायचे तोंड रुंद, ओठांत धरायचे टोक निमुळते. रुंद तोंडाच्या कडा काडीने आत दुमडायच्या, निमुळत्या टोकाला सुताचे वेढे द्यायचे. तंबाखू जास्त दाबली तर विडी ओढत नाही आणि सैल राहिली तर विझते. हे तंत्र बोटांत उतरायला वर्षे लागतात. पण त्याला ‘अकुशल’ म्हणण्याची आपल्याकडे सोय आहे. मजुरी हजारावर ठरते, आणि हजार विड्या म्हणजे उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंतचे काम. त्या हिशेबात पाने कापणाऱ्या मुलींचे हात धरलेले नसतात.

आता ह्या कामावर हुकमत कोणाची ते पाहा. तंबाखू शाखेत वजन करून मिळते, विड्या शाखेत मोजून घेतल्या जातात. पान फाटके निघाले तर भरीची पाने बाईंनी बाजारातून विकत आणायची. विडी आखूड, जाड वा सैल ठरली की ती छाटात जाते आणि तिची मजुरी बुडते. छाटाला नियमांनी मर्यादा घातली होती, परंतु मोजणारा हात मालकाच्या माणसाचाच. ओट्यावर मुकादम उभा नाही हे खरे; त्याचे काम वजनकाटा आणि छाट हे दोघे मिळून करतात.

हा वाद आपल्याकडेच प्रथम उद्भवला असेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या चाळींतून सिगार घरी वळली जात असे. सिगारचे तंत्र विडीहून अवघड : पोटातली पाने जुळवायची, त्यांवर बांधणीचे पान गुंडाळायचे, आणि शेवटी नितळ पानाचे वेष्टन तिरके फिरवीत नेऊन टोक डिंकाने बंद करायचे. जर्मनीतून लाकडी साचे आले, तेव्हा पोट भरणे व वेष्टन घालणे ही कामे वेगळी करता आली आणि कसबी कारागिराऐवजी अख्खे कुटुंब कामाला जुंपणे शक्य झाले. बोहेमियातून आलेली कुटुंबे ज्या खोलीत वळत, तेथेच रांधत आणि निजत. पानांच्या शिरा मुले काढीत. चाळ अनेकदा मालकाचीच, म्हणजे दिलेली मजुरी भाड्याने परत. पुढे अमेरिकेतील कामगार चळवळीचे नेते झालेले सॅम्युअल गॉम्पर्स १८६३ साली तेथे आले, तेव्हा प्रारंभी वडिलांबरोबर घरीच सिगार वळीत होते. १८७७ चा मोठा संप फसला. संघटनेच्या रेट्याने १८८३ मध्ये व पुन्हा १८८४ मध्ये चाळीतील सिगारनिर्मितीस बंदी करणारा कायदा झाला. तरुण आमदार थिओडोर रूझवेल्ट प्रथम त्याच्या विरोधात होते. त्या खोल्या डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांनी मत बदलले. न्यायाधीशांनी मात्र त्या खोल्या पाहिल्या नव्हत्या. आपल्याच बिऱ्हाडात सिगार वळणाऱ्या एका कामगाराच्या खटल्यात १८८५ साली तेथील अपील न्यायालयाने कायदा रद्द केला. माणसाला त्याच्या घरातून आणि घराच्या पवित्र वातावरणातून बाहेर काढल्याने त्याचे आरोग्य वा नीती कशी सुधारेल, असा त्या निकालाचा रोख होता. धुळीने भरलेल्या त्या खोलीला ‘घर’ म्हटले, आणि मालक सुटला.

आपल्याकडील मार्ग वेगळा आणि, माझ्या मते, अधिक शहाणपणाचा. महाराष्ट्रातील एका विडी कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली, येण्याजाण्याची मोकळीक असलेला वळणारा कारखाना कायद्याखाली ‘कामगार’ नव्हे, असे बहुमताने ठरविले होते, न्या. सुब्बा राव ह्यांचे मत विरुद्ध पडले. परंतु १९६४ मध्ये मद्रासकडील प्रकरणात त्याच न्यायालयाने मधले ठेकेदार हे मालकाचे हस्तक असून वळणारे मालकाचेच कामगार आहेत, हे मान्य केले. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने तर कच्चा माल घेऊन घरी वळणाऱ्यास स्पष्टपणे कामगारांत गणले, आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. घरकामावर बंदी न घालता घरापर्यंत कायदा नेला, हे त्याचे मर्म.

पळवाट मात्र त्यातच होती. ४३ व्या कलमाने, जो कोणा मालकाचा कामगार नाही अशा घरी वळणाऱ्या स्वयंरोजगारीस कायद्यातून वगळले. मग मालकांनी कागद बदलले : आम्ही पाने व तंबाखू विकतो आणि विड्या विकत घेतो, म्हणजे बाई व्यापारी! २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६६ चा कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला, आणि ही सूट संहितेतही कायम आहे. कल्याण निधीला पैसा पुरविणारा विडीवरील उपकर तर २०१७ मध्येच वस्तू व सेवा कराबरोबर गेला.

काही मित्र विचारतात, तंबाखूसारख्या घातक पदार्थाच्या धंद्यासाठी आपण का झगडावे? धंदा आटतो आहे, तो आटावाही. पण त्याची किंमत आयुष्यभर ती धूळ हुंगलेल्या बायांनी का द्यावी? दुसरे मित्र घरखाते बंदच करा म्हणतात. तेही मला पटत नाही. लहान मूल असलेली बाई शेडमध्ये जाणार कशी, हा प्रश्न राहतोच. शिवाय मालक दुसरा प्रांत शोधतो. केरळात कायदा लागू होताच १९६८ मध्ये मंगळूरच्या मालकांनी कन्नूरचे काम बंद करून हजारो लोकांना उघड्यावर टाकले. तेथे पाठीशी सरकार होते, संघटना होती, म्हणून १९६९ मध्ये दिनेश विडी सहकारी संस्था उभी राहिली. शेडमध्ये विड्या वळता वळता वृत्तपत्राचे वाचन ऐकणारे कामगार ही तिची ख्याती. इतके बळ आपल्यापाशी आज नाही.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत जाऊन प्रथम कामाची पुस्तके तपासावीत : नाव कोणाचे, तंबाखूचे वजन लिहिले आहे काय, छाट नोंदली आहे काय, की नुसत्या खरेदीच्या पावत्या आहेत. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत २००६ साली विडी कामगारांच्या हाती आली, ती विडी कामगार ही ओळख कागदावर होती म्हणून. मी बसत असे त्या ओट्यावर पुस्तक एकच होते आणि तेही सासूबाईंच्या नावावर. वळणाऱ्या तिघीजणी होत्या.