फाट्यांवर अडलेली वसई

मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावरील वसई तालुक्यातल्या थांब्यांची नावे सहज आठवून पाहावीत. चिंचोटी फाटा, वसई फाटा, नालासोपारा फाटा, विरार फाटा, शिरसाड फाटा. ‘फाटा’ हा शब्द एस.टी.च्या जमान्यातला. महामार्ग आपल्या वाटेने सुरतेकडे जाणार आणि ज्याला वसई गाठायची असेल त्याने फाट्यावर उतरून पश्चिमेचा लहान रस्ता धरावा, अशी ती जुनी रचना होती. २०११ च्या जनगणनेने वसई-विरार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर नोंदवली. त्यानंतर ती किती फुगली, हे नालासोपारा स्थानकाचा जिना सकाळी आठ वाजता चढणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. शहर सरकत सरकत फाट्यापर्यंत आले, महामार्ग ओलांडून तुंगारेश्वरच्या पायथ्याला टेकले. रचना मात्र फाट्याचीच राहिली.

परिणामी आज या एकाच रस्त्यावर परस्परांशी मुळीच न जुळणारी दोन कामे लादली गेली आहेत. एक काम राष्ट्राचे. गुजरात-राजस्थानातून न्हावाशेवा बंदराकडे आणि भिवंडीच्या गोदामांकडे जाणारी अवजड वाहने रात्रंदिवस येथून धावतात. दुसरे काम गावाचे. सातिवली, वालीव, पेल्हारच्या कारखान्यांत पाळीला जाणारा कामगार, दुचाकीवरून ठाणे-बोरिवली गाठणारा नोकरदार, पारोळ, भाताणे, मेढे या पूर्वपट्टीतून दवाखाना, कचेरी वा बाजार यांसाठी पश्चिमेकडे येणारा शेतकरी आणि वनवासी बांधव, या साऱ्यांना तोच रस्ता वापरावा अथवा ओलांडावा लागतो. चाळीस टनी वाहन आणि मागे पोराला बसवून निघालेली दुचाकी एकाच मार्गिकेत आली, तर त्या मार्गिकेचा वेग दुचाकीचा ठरतो आणि अपघातातील हानीही दुचाकीचीच होते.

विरारकरांना हे तत्त्व अभियंत्याने समजावण्याची आवश्यकता नाही. बोरिवलीच्या पुढे रेल्वेचे दोनच रूळ होते तेव्हा मेल, मालगाड्या आणि लोकल एकमेकींच्या मागे रखडत. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात विरारपर्यंत चौपदरीकरण झाले आणि जलद व धीम्या गाड्यांची वाट वेगळी झाली. गर्दी संपली नाही, ती संपणारही नव्हती; परंतु अहमदाबादेहून येणाऱ्या गाडीला प्रत्येक लोकलच्या मागे थांबावे लागण्याचे प्रकार कमी झाले. लांबच्या वाहतुकीसाठी मर्यादित प्रवेशाच्या मध्य मार्गिका, दोन्ही अंगांना स्थानिकांसाठी अखंड सेवारस्ते आणि प्रत्येक फाट्यावर वर-खाली जाणारे विनासिग्नल चौक म्हणजे रस्त्यावरचे चौपदरीकरणच होय. पुण्याला जाताना आपण हेच अनुभवतो. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णतः खुला झाला तेव्हा जुना महामार्ग स्थानिक वाहतुकीला उरला. वसईच्या वाट्याला असा ‘जुना रस्ता’ कधी आलाच नाही.

वसईत झाले ते केवळ रुंदीकरण. सुरत ते दहिसर या २३९ किलोमीटरच्या टप्प्याचे सहापदरीकरण खासगी सहभागातून, टोलच्या करारावर, २००९ च्या सुमारास हाती घेण्यात आले. खानिवड्याला टोल भरला जाऊ लागला. सहा पदर आले, पण सेवारस्ता कुठे आहे, कुठे अर्ध्यावर संपतो, तर कुठे धाब्याच्या अंगणात शिरतो. जेथे वळायला जागा नाही तेथे दुभाजक फोडून ती केली जाते, आणि अशा एका तोंडाशी आडवा झालेला एकच कंटेनर दोन्ही दिशांची वाहतूक गिळून टाकतो. १९९५ नंतर युती शासनाच्या काळात नितीन गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री असताना मुंबईत पंचावन्न उड्डाणपुलांचा संकल्प सोडला गेला आणि पश्चिम द्रुतगती महामार्गाचे रूप पालटले. ते पालटणे दहिसरच्या नाक्यावर थांबले.

केवळ पदर वाढवून काय होते, याचा धडा याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला मिळालेला आहे. दिल्ली-गुडगाव द्रुतगती मार्ग हा जुन्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८ चाच भाग. जानेवारी २००८ मध्ये तो थाटात खुला झाला. लांबी २७.७ किलोमीटर. जयपूरकडे जाणाऱ्यांची सोय हा हेतू. प्रत्यक्षात गुडगावातील कचेऱ्यांत जाणाऱ्या दिल्लीकरांनी तो काही वर्षांत भरून टाकला. सिरहौलच्या टोलनाक्यावर रोज एवढ्या रांगा लागू लागल्या की फेब्रुवारी २०१४ मध्ये तो नाकाच काढून टाकावा लागला. पुढे द्वारका द्रुतगती मार्ग आखताना मधल्या आठ मार्गिकांच्या जोडीला दोन्ही बाजूंचे सेवारस्ते धरले गेले. त्याच्या हरियाणातील भागाचे लोकार्पण २०२४ च्या मार्चमध्ये झाले. दिल्लीने ठेच खाल्ली आणि शहाणपण घेतले. आपण तीच ठेच पुन्हा खाण्याचे कारण काय?

वसईच्या नशिबी मात्र तात्पुरत्या डागडुजीचे सत्र आले. वर्सोवा खाडीवरच्या जुन्या पुलाला २०१३ च्या अखेरीस तडा गेला, अवजड वाहने बंद झाली. नव्या पुलाचे भूमिपूजन २०१८ मध्ये, आणि तो खुला झाला २०२३ मध्ये. त्यापाठोपाठ घोडबंदर ते तलासरीपर्यंतच्या सुमारे १२१ किलोमीटर महामार्गावर डांबराच्या थरावर काँक्रीट चढवण्याचे काम सुरू झाले. काँक्रीट दीर्घकाळ टिकते, खड्डे कमी पडतात, हे मान्यच आहे. परंतु या पद्धतीत एकेक मार्गिका बंद ठेवून काँक्रीट पक्के होऊ द्यावे लागते आणि त्या अवधीत वाहने वळवायला सेवारस्ता हवा असतो. तो नसल्यामुळे अख्खा तालुका कोंडला गेला. शिवाय नवा थर जुन्या पृष्ठभागापेक्षा उंच, म्हणून जोडरस्त्यांच्या तोंडाशी पायऱ्या तयार झाल्या. दुचाकीस्वाराला त्या रात्री दिसत नाहीत.

आखणीतील अशा विसंगती किती महाग पडतात, हे सप्टेंबर २०२२ मध्ये देशाने पाहिले. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले, तेव्हा पुलाशी तीन पदरांचे दोन होण्याची आणि पुढे आलेल्या कठड्याची चर्चा सर्वत्र झाली. नामवंत व्यक्ती होती म्हणून झाली. जुलै २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातून मुंबईला हलवण्यात येत असलेली एक जखमी महिला याच महामार्गाच्या कोंडीत अडकून दगावली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शालेय विद्यार्थ्यांच्या बसगाड्या वसईनजीक तासन्‌तास अडकून पडल्या. मुलांपर्यंत अन्न-पाणी पोहोचवायला स्थानिकांना धावावे लागले. घोडबंदर घाटातील दुरुस्तीसाठी ठाण्याच्या बाजूने वळवलेली अवजड वाहने हे त्याचे निमित्त. एका घाटाची दुरुस्ती निघाली की दोन जिल्हे ठप्प व्हावेत, एवढी ही व्यवस्था ताणलेली आहे. गंभीर रुग्णासाठी सुसज्ज रुग्णालय जिल्ह्यातच असावे, हा प्रश्न वेगळा आणि त्याहून जुना. असो.

पाण्याचाही विचार येथे करावाच लागेल. तुंगारेश्वरच्या डोंगरातून उतरणारे ओहोळ महामार्गाखालून मिठागरांकडे आणि खाडीकडे जातात. ससूनवघर, मालजीपाडा, चिंचोटी या पट्ट्यात बाजूच्या जमिनींवर भराव टाकून मोऱ्यांची तोंडे चिंचोळी झाली, आणि जोराचा पाऊस झाला की महामार्गच नाला बनतो. मोऱ्या रुंद न करता त्यावर उड्डाणपूल बांधला तर पुलावर वाहने थांबतील आणि पुलाखाली पाणी.

आता वसईच्या नकाशावर भव्य रेषा उमटत आहेत. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाची वडोदऱ्याकडून येणारी शाखा शिरसाडला स्पर्श करते. विरार-अलिबाग बहुउद्देशीय मार्गिकेचा आरंभ तालुक्यातील नवघरला आहे. उत्तन-विरार सागरी सेतूला वसई आणि विरार येथे जोडरस्ते प्रस्तावित आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याची मालवाहतूकही उद्या दक्षिणेकडे येणार. हे प्रकल्प राष्ट्राच्या सामर्थ्याचे आहेत आणि ते व्हावेत, याविषयी दुमत नाही. पण यातली प्रत्येक रेषा कोठेतरी जमिनीवर उतरते, आणि वसईत उतरली की वाहने येतात त्याच फाट्यावर किंवा पश्चिम पट्टीतील वाड्यांमधल्या अरुंद रस्त्यांवर. सागरी सेतूवरून वीस मिनिटांत आलेल्या गाडीने वसई फाटा ओलांडायला पाऊण तास घ्यायचा असेल, तर वाचवलेला वेळ कुणाच्या हिशेबात धरायचा?

म्हणून क्रम बदलण्याची मागणी आहे. वर्सोवा पुलापासून खानिवड्यापर्यंतचे सुमारे तीस किलोमीटर एकत्र धरून त्यांचा एकच आराखडा व्हावा: दोन्ही बाजूंनी न तुटणारे सेवारस्ते, प्रत्येक फाट्याला वाहनांसाठी वर-खाली मार्ग, पूर्वपट्टीतील गावांसाठी पादचारी भुयारी मार्ग आणि पाण्यासाठी मोठ्या मोऱ्या. मध्य मार्गिका मर्यादित प्रवेशाच्या करायच्या त्या यानंतर. आधी केल्या तर गाव दोन तुकड्यांत कायमचे विभागले जाईल. कामण-भिवंडी रस्ता अवजड वाहनांना पेलण्याइतका केला तर घोडबंदरचा भार आपोआप हलका होईल, आणि हे काम सागरी सेतूच्या खर्चाच्या पासंगालाही पुरणार नाही.

अडचण पैशाची कमी, धन्याची अधिक आहे. महामार्ग केंद्रीय प्राधिकरणाचा, सागरी सेतू प्रदेश विकास प्राधिकरणाचा, अलिबाग मार्गिका रस्ते विकास महामंडळाची, शहरातले रस्ते महापालिकेचे. फाटा या चौघांच्या हद्दींच्या सांध्यावर येतो आणि म्हणून कुणाचाच राहत नाही. तरीही एक गोष्ट स्थानिक पातळीवर आजच करता येण्याजोगी आहे. उपप्रदेशाचा २००१ ते २०२१ चा विकास आराखडा सिडकोच्या काळात तयार झाला आणि २००७ मध्ये मंजूर झाला. त्याची मुदत केव्हाच सरली. महामार्गालगतची सेवारस्त्याची पट्टी नव्या आराखड्यात आखून घेणे, तिच्यावर गोदामांना आणि गाळ्यांना परवानगी न देणे आणि आज मोकळी असलेली जागा मोजून तिच्यावर दगड रोवणे, यासाठी दिल्लीच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. महापालिकेच्या नगररचना विभागाकडे ही मागणी लेखी स्वरूपात, प्रत्येक फाट्यावरच्या गृहनिर्माण संस्थांनी आणि ग्रामस्थांनी स्वतंत्रपणे करावी. चिंचोटीला अजून काही जागा मोकळी आहे. पेल्हारला ती दर महिन्याला कमी होत आहे.